उबुंटूवर सहा महिने आणि एक द्राक्ष हंगाम

गेल्या नोव्हेंबरपासून माझे रोजचे काम उबुंटू २४.०४ वर, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या एका प्रकारावर चालते. त्याआधीची अकरा वर्षे मी विंडोजवर प्रोग्रामिंग केले आणि हा बदल काही हौसेने केलेला नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. वर्षभराची वाढीव मुदत घेता येत होती. परंतु माझ्या २०१७ सालच्या लॅपटॉपमधील सातव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर विंडोज ११ च्या मान्य यादीत नसल्यामुळे प्रश्न सुटला नसता, पुढे ढकलला गेला असता एवढेच. १६ जीबी रॅम आणि दोन वर्षांपूर्वी बसवलेली एसएसडी असलेले धडधाकट यंत्र अडगळीत टाकणे मनाला पटेना.

नाशिकला कॉलेज रोडजवळ आमचे तिघांचे छोटे कार्यालय आहे. पिंपळगाव बसवंत आणि दिंडोरी भागातील द्राक्ष निर्यातदारांच्या पॅकहाउससाठी (जिथे द्राक्षे निवडून पेट्यांत भरतात) आम्ही वजन, प्रतवारी आणि शेतकऱ्यांची हिशोबपट्टी यांचे वेब सॉफ्टवेअर करतो. हे सॉफ्टवेअर चालते भाड्याच्या लिनक्स सर्व्हरवर, वापरले जाते ग्राहकांच्या विंडोज संगणकांवर, आणि लिहिले जात होते तेही विंडोजवरच. हे शेवटचे टोक बदलल्याने काय फरक पडला, एवढ्यापुरताच हा अनुभव आहे.

२०२५ च्या फेब्रुवारीत, म्हणजे ऐन हंगामात, आम्ही हिशोबपट्टीची पीडीएफ थेट सर्व्हरवर तयार होईल अशी सोय केली. माझ्या यंत्रावर पट्टी सुरेख दिसत होती. पॅकहाउसमध्ये मात्र शेतकऱ्याच्या नावाच्या जागी रिकाम्या चौकोनांची रांग छापून आली. कारण अगदी साधे होते. विंडोजमध्ये देवनागरी फाँट आधीपासूनच असतो, त्यामुळे मला त्याची आठवणही झाली नाही; सर्व्हरवरचा कंटेनर, म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणाऱ्या फाइलींचा स्वतंत्र संच, मात्र शक्य तितका हलका ठेवलेला होता आणि त्यात देवनागरीचा एकही फाँट नव्हता. फाँट घालायला पाच मिनिटे लागली. दरम्यान चाळीसेक पट्ट्या वाटल्या गेल्या होत्या आणि त्यांतली कोणती कोणाची हे आकड्यांवरून जुळवण्यात आमची एक संध्याकाळ गेली.

तो कंटेनर आधी आपल्याच यंत्रावर चालवून पाहिला असता तर चौकोन तिथेच दिसले असते, हे मला त्या वेळीही माहीत होते. तरीही आम्ही ते टाळत असू, कारण ते जड जायचे. डॉकर या साधनाने बनवलेले असे कंटेनर लिनक्सच्या कर्नेलमधील (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातील) प्रोग्राम एकमेकांपासून वेगळे ठेवणाऱ्या सोयींवर उभे असल्यामुळे विंडोजवर किंवा मॅकवर ते चालवायचे तर आत लिनक्सचे व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकातच एक आभासी संगणक, उभे करावे लागते, आणि एडिटर, ब्राउझर व डेटाबेस उघडे असताना एवढ्या वयाच्या लॅपटॉपचा त्यात दम निघतो. उबुंटूवर तोच कंटेनर यंत्राच्या स्वतःच्या कर्नेलवर चालतो. आता सर्व्हरवरची सगळी मांडणी मी सकाळी चहा येईपर्यंत सुरू करतो आणि दिवसभर चालू ठेवतो. या हंगामात सर्व्हरवरच प्रथम उघडकीस आलेला असा एकही दोष निघाला नाही.

यासाठी विंडोज सोडायलाच हवे होते का? तसे नाही. चौकोनांच्या त्या प्रकरणानंतर मी काही महिने विंडोजच्या आतच लिनक्स चालवणारी डब्ल्यूएसएल ही मायक्रोसॉफ्टची सोय वापरली. तिची २०१९ साली आलेली दुसरी आवृत्ती खरा लिनक्स कर्नेल चालवते आणि उत्तम चालवते; अट एवढीच की फाइली लिनक्सच्या बाजूला ठेवाव्यात, कारण तिथून सी ड्राइव्हवरचा प्रकल्प उघडला तर हजारो छोट्या फाइलींच्या कामात गती मंदावते. ज्याच्याकडे ३२ जीबी रॅमचे नवे यंत्र आहे आणि घरचे बाकी व्यवहारही विंडोजवर आहेत, त्याने लॅपटॉपवरचे विंडोज पुसण्याच्या फंदात पडू नये.

फाइलींच्या नावांतील लहान-मोठ्या अक्षरांचा घोळही आता जागच्या जागी कळतो. विंडोज आणि मॅक सहसा हा भेद मानत नाहीत, लिनक्स मानतो. सहकाऱ्याने एका अक्षराचा फरक करून फाइल जोडली, त्याच्याकडे ती चालली आणि माझ्याकडे लगेच अडली. त्याला वाटले माझा लॅपटॉप बिघडला.

आता तक्रारींकडे. झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपतो, परंतु दहा-बारा वेळांतून एकदा जागा होत नाही आणि बटण दाबून धरून तो बंद करावा लागतो. जानेवारीत एका कर्नेल अपडेटनंतर वायफाय नाहीसे झाले. सुरू होतानाच्या यादीतून आधीचा कर्नेल निवडल्यावर ते परतले, पण ही यादी असते हे ज्याला माहीत नाही त्याची सकाळ वाया गेली असती. कार्यालयातील प्रिंटर छापतो, स्कॅन करत नाही. बॅटरी विंडोजवर टिकायची त्यापेक्षा साधारण अर्धा तास कमी टिकते, आणि दुपारी वीज गेली की हा अर्धा तास चांगलाच जाणवतो.

मराठी टंकलेखनाची धास्ती होती, ती व्यर्थ ठरली. सेटिंग्जमधून इन्स्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाण कीबोर्डचा मराठी आराखडा घेतला आणि पहिल्या दिवसापासून काम सुरू झाले. अडचण आली ती ग्राहकांनी पाठवलेल्या जुन्या याद्यांची, कारण त्या युनिकोड ही सर्व लिप्यांची सामाईक पद्धत रुळण्यापूर्वीच्या फाँटांमध्ये टंकलेल्या आहेत आणि तो फाँट नसेल तर नुसती अगम्य रोमन अक्षरे दिसतात. हा दोष उबुंटूचा नाही. कोऱ्या विंडोजवरही तेच दिसले असते.

हिशेबाच्या कामाला मात्र पर्याय सापडला नाही. टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर विंडोजसाठीच आहे, आणि आमच्या डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनसोबत आलेले सॉफ्टवेअरही फक्त विंडोजवर बसते. म्हणून कोपऱ्यातला एक डेस्कटॉप विंडोजवरच राखला आहे. ग्राहकाचा पडदा कसा दिसतो ते पाहायलाही तो लागतो, तेव्हा त्याला अडगळ म्हणवत नाही.

तिसऱ्या सहकाऱ्याकडे एम १ प्रोसेसरचा मॅकबुक आहे आणि तो आयफोन अॅपचे काम पाहतो. ते काम दुसरीकडे करताच येत नाही, कारण त्यासाठी लागणारे अॅपलचे एक्सकोड हे साधन फक्त मॅकवर चालते. बॅटरी आणि पडदा पाहून मला त्याचा हेवा वाटतो, हे मान्य करतो. परंतु त्याचा प्रोसेसर एआरएम जातीचा आणि आमचा सर्व्हर इंटेल जातीचा असल्यामुळे, आणि या दोन जातींचे प्रोग्राम परस्परांवर थेट चालत नसल्यामुळे, त्याने बांधलेला कंटेनर सर्व्हरवर सुरूच होईना. बांधताना कोणत्या प्रोसेसरसाठी ते स्पष्ट सांगण्याची सवय लागेपर्यंत दोन आठवडे गेले.

स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाच्या २०२४ च्या पाहणीतही डेव्हलपरांमध्ये विंडोजच सर्वाधिक वापरात होते. त्याचे मला नवल वाटत नाही. बहुतेकांच्या हाती यंत्र कंपनी देते आणि निवड त्यांची नसते. आमच्यापुरता विचार केला, तर पुढच्या महिन्यात चौथी सहकारी रुजू होणार आहे आणि ती सर्व्हरच्या बाजूचे काम करणार आहे. तिच्यासाठी वायफाय कार्ड आणि झाकणाची झोप दुकानातच पेन ड्राइव्हवरून उबुंटू चालवून तपासायची, मगच पैसे द्यायचे, असे ठरवले आहे. दुकानदाराने तेवढा अर्धा तास बसू दिले पाहिजे.