ज्येष्ठांचा व्यायामवर्ग, धरमपेठ

आईला इथे घातलं गुडघ्यांसाठी, पण डोकंही तरतरीत झालंय. वर्ग घेणाऱ्या ताई आधी नाडी बघतात, मग चालता चालता शंभरातून सात-सात वजा करायला लावतात. आई 'त्र्याण्णव, शहाऐंशी' म्हणत वळते, पाय अडखळत नाही! चालण्याने डोकं तरतरीत होण्यामागे शास्त्र आहे. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतल्या 120 ज्येष्ठांवरच्या अभ्यासात वर्षभर आठवड्यातून तीनदा चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे स्मरणशक्ती सांभाळणारा मेंदूचा भाग, सुमारे 2 टक्के वाढला, स्ट्रेचिंगवाल्यांचा आक्रसला. मे महिन्यात अंबाझरी तलावाकाठी सकाळी आठलाच ऊन भाजतं, तेव्हा कूलरचा हा हॉल फार कामाचा. जिन्याला कठडा मात्र नाही. साठीपुढच्यांच्या वर्गात हे चालणार नाही, लगेच बसवा.