पिपऐवजी युव्ही: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या लायब्ररी (तयार कोडची पॅकेजेस) इन्स्टॉल करण्यासाठी आमच्या बाणेरच्या ऑफिसात आम्ही गेले काही महिने पिप या नेहमीच्या साधनाऐवजी युव्ही वापरत आहोत. रस्ट भाषेत लिहिलेले हे साधन अ‍ॅस्ट्रल कंपनीने फेब्रुवारी 2024मध्ये आणले, आणि त्याचे कौतुक बहुधा वेगासाठीच होते. ते खोटे नाही. पायटॉर्चसारखे जड पॅकेज एकदा उतरले की ते सामाईक कॅशमध्ये (सर्व प्रोजेक्टसाठीच्या एकाच साठ्यात) राहते, आणि लिनक्स व विंडोजवर पुढच्या प्रोजेक्टमध्ये त्याची नक्कल न होता सहसा हार्डलिंक (डिस्कवरच्या त्याच फाइलला दुसरे नाव) जोडली जाते. त्यामुळे वेळ वाचतो आणि डिस्कही भरत नाही. मात्र कॅश आणि प्रोजेक्ट वेगवेगळ्या ड्राइव्हवर असतील तर हार्डलिंक होऊ शकत नाही, फाइल्स कॉपी कराव्या लागतात, म्हणून दोन्ही एकाच ड्राइव्हवर ठेवावीत.

तरीही माझ्या मते युव्हीचे खरे मोल तिच्या लॉक फाइलमध्ये, म्हणजे प्रत्येक लायब्ररीची नेमकी आवृत्ती नोंदवणाऱ्या फाइलमध्ये, आहे. ‘पिप फ्रीझ’ने काढलेल्या, इन्स्टॉल झालेल्या लायब्ररींच्या यादीत आपण मागितलेली लायब्ररी कोणती आणि तिच्या पाठोपाठ आलेली कोणती, हे कळत नाही, शिवाय ती यादी ज्या मशीनवर काढली त्याच मशीनची असते. आमच्यापैकी काही जण विंडोज लॅपटॉपवर काम करतात आणि सर्व्हर उबुंटूचा आहे. विंडोजवर ज्युपिटर हे नोटबुकचे साधन घेतले की त्याच्याबरोबर पायविनपीटीवाय हे फक्त विंडोजचे पॅकेज येते, यादीत त्याचेही नाव लागते, आणि तीच यादी सर्व्हरवर चालवली की इन्स्टॉलेशन तिथेच अडते. युव्हीच्या लॉक फाइलमध्ये मात्र अशा पॅकेजपुढे ‘फक्त विंडोजसाठी’ अशी अट नोंदलेली असते, प्रत्येक फाइलचा हॅश (फाइल बदललेली नाही हे तपासण्याची खूण) असतो, आणि एकच लॉक फाइल सर्वांना पुरते. ‘युव्ही सिंक’ केल्यावर एन्व्हायर्नमेंट (प्रोजेक्टच्या लायब्ररींची स्वतंत्र जागा) तिच्याशी तंतोतंत जुळते, इतके की यादीबाहेरची पॅकेजेस काढूनही टाकली जातात. बिल्डमध्ये (सर्व्हरसाठी प्रोजेक्ट तयार करताना) ‘लॉक्ड’ हा पर्याय आवर्जून द्यावा. पायप्रोजेक्ट फाइल, म्हणजे आपण मागितलेल्या लायब्ररींची नोंद, बदलली आणि लॉक फाइल जुनीच राहिली, तर बिल्ड तिथेच थांबतो, आणि तो थांबलेलाच बरा.

नव्याने रुजू होणाऱ्यांना एक गोष्ट पहिल्याच दिवशी सांगावी लागते. कॉलेजातून मुले पिप शिकून येतात, पण युव्हीने केलेल्या एन्व्हायर्नमेंटमध्ये पिप मुळात नसतेच. सवयीने ‘पिप इन्स्टॉल’ टाइप केले की सिस्टिमचे पिप चालते: उबुंटू 23.04पासून ते ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड’, म्हणजे हे पायथन सिस्टिम सांभाळते, असे म्हणून नकार देते, जुन्या आवृत्त्यांवर लायब्ररी भलतीकडेच जाऊन बसते. त्याऐवजी ‘युव्ही अ‍ॅड’ वापरावे, म्हणजे नोंद पायप्रोजेक्ट फाइलमध्येही होते.

युव्हीची लॉक फाइल पिपला वाचता येत नाही, ही मर्यादा मला अजून खटकते. सामाईक स्वरूपाचा पायलॉक हा प्रमाण आराखडा 2025मध्ये मंजूर झाला आणि युव्ही त्यात एक्स्पोर्ट करते, तरी स्वतःसाठी आपलेच स्वरूप वापरते. ज्या ग्राहकांच्या सर्व्हरवर फक्त पिप चालते, त्यांच्यासाठी आम्ही ‘युव्ही एक्स्पोर्ट’ने हॅशसहित रिक्वायरमेंट्स फाइल, म्हणजे पिपला वाचता येणारी यादी, काढून देतो.