पावसाळ्यात बोटीच्या बॅटऱ्या ‘सांभाळायला’ देताय?

हर्णै-दाभोळ पट्ट्यातल्या बोटवाल्यांसाठी मुद्दाम लिहितोय. १ जूनला मासेमारी बंदी लागली की बोटी शाकारल्या जातात आणि बॅटऱ्यांचं काय करायचं हा प्रश्न उरतो. नेमक्या त्याच आठवड्यात एक बॅटरीवाला बंदरावर टेम्पो घेऊन आला. “नाखवा, फरशीवर ठेवलीत की उतरणार. आमच्या गोडाऊनला द्या, दोन महिने चार्जिंगला ठेवतो, नारळी पौर्णिमेआधी जागेवर आणून देतो.” बाबांनी दोन्ही दिल्या. जेमतेम एका हंगामाच्या होत्या.

परत आल्या त्या चकाचक. कंपनी तीच, स्टिकर तेच, टर्मिनलला ग्रीस. हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजायची नळी) घातला तर प्रत्येक खान्यात १.२७, मीटरवर १२.७ व्होल्ट, म्हणजे फुल चार्ज. धक्क्यावर इंजिन एका झटक्यात सुरू. पैसे चुकते झाले.

पहिल्याच फेरीला रात्री जाळं टाकून इंजिन बंद ठेवलं. दिवे आणि वायरलेस एवढाच भार. पहाटे स्टार्टर मारला तर नुसता टक् आवाज. शेजारच्या बोटीने ओढून आणलं. डिझेल आणि बर्फ गेलं ते वेगळंच.

खरी मेख पुढे कळली. बाद बॅटरीतलं जुनं ॲसिड ओतून टाकतात आणि जादा कडक ॲसिड भरतात. हायड्रोमीटर फक्त ॲसिडची घनता सांगतो, प्लेटा झडल्यात की शाबूत हे त्याला कळत नाही. चार्जिंगवरून नुकत्याच काढलेल्या असल्याने व्होल्टही छान दिसतो. भार टाकल्यावर मात्र सोंग उघडं पडतं: आमची एक बॅटरी स्टार्टर मारताच नऊ व्होल्टच्याही खाली गेली. आमच्या चांगल्या बॅटऱ्या सेकंडहँड म्हणून कुठेतरी विकल्या गेल्या असणार आणि आम्हाला मिळालं ते भंगार. वर सांभाळण्याचं भाडं!

जाब विचारला तर म्हणाला, “पावसात पडून बॅटऱ्या बसतातच.” ही थाप खपते, कारण ती अर्धी खरी आहे. अर्धवट उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली तर प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि ती कायमची कमजोर होते. पण चार्जिंगला ठेवायचेच तर पैसे घेतले होते ना? आमच्या एका बॅटरीच्या कडेला बोटीचा निळा ऑइलपेंट सांडलेला होता, तो आलेल्या बॅटरीवर नव्हता. त्यावर उत्तर, “धुतली आम्ही.” ऑइलपेंट पाण्याने धुतला जातो हे त्यालाच ठाऊक. पावतीवर त्याने फक्त ‘बॅटरी २ नग’ लिहिलं होतं, नंबर नाही, त्यामुळे तक्रारीला धरायला काही उरलं नाही.

फरशीचं म्हणाल तर आजच्या प्लास्टिकच्या डब्याला फरशीने काही होत नाही. पूर्ण चार्ज करून वायरी काढा, वरचा भाग कोरडा पुसा, हवेशीर जागी ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्जर लावा. १२.४ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नका. पाणी कमी झालं तर डिस्टिल्डच घाला, ॲसिड नाही.

बाहेर द्यायचीच वेळ आली तर डब्यावर ठसवलेला नंबर पावतीवर लिहून घ्या आणि फोटो काढा. परत घेताना त्याच्यासमोर लोड टेस्टर (भार टाकून व्होल्ट किती पडतो ते दाखवणारं यंत्र) लावा, आणि तोही तुमचा किंवा दुसऱ्या दुकानातला. नंबर लिहायला तो कां कूं करू लागला तर बॅटऱ्या टेम्पोतून खाली उतरवा.