पट्टीखालची गाठ

मामांनी दिलेल्या रायफलीपायी मी मामा बनलो. हा विनोद मीच आधी करून टाकतो, कारण ज्या ज्या मित्राला ही हकिकत सांगितली त्या प्रत्येकानं तो केला आहे.

रायफल म्हणजे साधी एअर रायफल. स्प्रिंगवर चालणारी, बॅरल खाली वाकवून छर्रा भरायची. मामांनी ती बरीच वर्षं वापरली आणि नजर अधू झाल्यावर माझ्या हातात ठेवली. यंत्रात काही विशेष नव्हतं. विशेष होतं ते लाकूड. असल्या रायफली एकाच मॉडेलमध्ये दोन प्रकारच्या स्टॉकवर, म्हणजे लाकडी दस्त्यावर मिळतात, स्वस्तातली बीच नावाच्या झाडाच्या फिकट लाकडावर आणि महागातली अक्रोडावर. मामांची अक्रोडावरची. तीही साधी नाही. बटाकडे, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या टोकाकडे, रेषा अशा वळत गेलेल्या की नदीत भोवरा पडावा. वर्षानुवर्षं जवसाचं तेल तळहातानं चोळून त्यांनी त्या लाकडाला आतून उजेड आणला होता. उजव्या बाजूला, बटाच्या जवळपास मधोमध, मसुराएवढी एक काळी गाठ होती. मामा तिला तीट म्हणायचे.

आता मला नसती हौस सुचली. अमेरिकेतल्या अठराव्या शतकातल्या लाँग रायफलींची चित्रं पाहत होतो. पेनसिल्व्हेनियात येऊन वसलेल्या जर्मन कारागिरांनी घडवलेल्या त्या लांबलचक नळीच्या रायफली. त्यांच्या बटावर उजव्या अंगाला पितळेची नक्षीदार पेटी असते, पॅच बॉक्स. गोळी नळीत घट्ट बसावी म्हणून तिच्याभोवती चरबी लावलेला कापडाचा तुकडा गुंडाळत, ते तुकडे या पेटीत ठेवायचे. सुरुवातीला नुसतं सरकतं लाकडी झाकण असे, मग बिजागरीचं पितळी झाकण आलं आणि कारागिरांनी त्यावर जीव ओतला. माझ्या छर्ऱ्याच्या रायफलीला कापडाचा तुकडा नको, चरबी नको, पेटी तर नकोच नको. पण ते पिवळं पितळ गडद अक्रोडावर काय शोभेल! मला हवी होती नुसती तशी दिसणारी पट्टी. उघडत नाही, उपयोग शून्य, पूर्ण दिखाऊ.

अशा पट्ट्या विकणारा आणि बसवूनही देणारा एक कारागीर ओळखीतून कळला. माणूस मितभाषी, हातावर जुने कापल्याचे वण, टेबलावर पटाश्या ओळीनं मांडलेल्या. त्यानं दस्ता हातात घेतला, अंगठ्यानं ती गाठ चाचपली आणि म्हणाला, "साहेब, ही गाठ तेवढी डोळ्यांत खुपते. पट्टी नेमकी हिच्यावरच घेऊ. एका दगडात दोन पक्षी."

मला ते पटलं. आज ते वाक्य आठवलं की कानशिलं तापतात.

मग म्हणाला, "बंदूक मला नकोच. नळी, स्प्रिंग सगळं तुम्ही घरी ठेवा. मला फक्त लाकूड द्या." माझी उरलीसुरली धाकधूक इथंच संपली. बंदूकच नको म्हणतोय, म्हणजे सरळ माणूस! वास्तविक त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. स्टॉकवरचं काम यंत्र उतरवूनच करतात. पण मी मौल्यवान वस्तू कोणती हेच चुकीचं धरून बसलो होतो. त्या रायफलीत चोरण्यासारखं जे होतं ते मी वर्तमानपत्रात गुंडाळून त्याच्या हाती दिलं. पावतीवर त्यानं लिहिलं, "स्टॉकला पितळी पट्टी बसवणे." कोणत्या लाकडाचा स्टॉक, त्यावर काय खुणा, एक अक्षर नाही. मीही मागितलं नाही.

न्यायला गेलो तेव्हा उरलेली रायफल सोबत आणायला त्यानंच सांगितलं होतं, "मी जोडून देतो, स्क्रू कमीजास्त आवळले तर नेम हलतो." दस्ता गडद, चकचकीत, पट्टी सोन्यासारखी. माझ्यासमोर त्यानं सगळं जोडलं. यंत्र बसतं ती आतली खोबण काळी रंगवलेली दिसली म्हणून विचारलं तर म्हणाला, "ओल शोषू नये म्हणून." आणि निघताना बजावलं, "तेल अजून आत मुरतंय. दोन महिने खोलू नका."

घरी आल्यावर शंका आल्या नाहीत असं नाही. खांद्याला लावली तर जड वाटली. मनात म्हटलं, पितळ बसवलंय, वजन वाढणारच. रेषांचा तो भोवरा दिसेना. फोन केला तर उत्तर तयार: "नवीन तेलानं लाकूड गडद होतं, रेषा दबतात, वाळल्यावर उठतील." वास वेगळा येत होता, तो पॉलिशचा. तोल मागं झुकत होता, तो पट्टीमुळं. माझ्या प्रत्येक प्रश्नाला ती पट्टी उत्तर देत होती, आणि तिच्या सगळ्या उत्तरांवर मी विश्वास ठेवत होतो. इथं एवढं सांगून ठेवतो की तेलानं लाकूड गडद होतं हे खरं, पण चांगल्या अक्रोडाच्या रेषा तेलानं दबत नाहीत, उलट उठून दिसतात. आणि कुठल्याही तेलानं रेषा जागा बदलत नाहीत. मला हे माहीत होतं. मामांचा हात तेल चोळताना मी लहानपणापासून पाहिलाय. तरी गप्प बसलो, कारण पट्टी सुरेख दिसत होती आणि चार लोक वाहवा करत होते.

स्प्रिंगच्या एअर रायफलीचा धक्का विचित्र असतो. पिस्टन सुटला की बंदूक आधी मागं आणि मग पुढं हिसडते, आणि या दुहेरी हिसड्यानं चांगले आवळलेले स्क्रूसुद्धा सैल पडतात. तीन-एक महिन्यांनी पट्टीचा एक कोपरा उचलला गेला. आवळायला गेलो तर स्क्रू नुसताच फिरायला लागला. बाहेर काढला. त्याच्या आट्यांत लाकडाचा भुसा अडकला होता, आणि तो भुसा फिकट होता, जवळजवळ पांढरट.

अक्रोडाचा गाभा आरपार तपकिरी असतो. भुसाही तपकिरीच पडतो.

मी सगळे स्क्रू काढले, सुरीनं पट्टी उचलली. खाली ओबडधोबड खणलेला खळगा, त्यात मोटारीचे पोचे भरायला वापरतात तसली लांबी, आणि लांबी खरवडल्यावर गोरंपान लाकूड. गाठ नाही. आता कोणी म्हणेल, खणताना गेली असेल. गाठ म्हणजे वरचा डाग नसतो, ती फांदीची मुळी असते, लाकडात खोल उतरलेली. तीन-चार मिलिमीटर खणून ती जात नाही, फार तर आकार बदलते. यंत्र उतरवलं आणि खोबणीतला काळा रंग नखानं खरवडला. तिथंही गोरं. बटाच्या टोकाचं रबरी पॅड काढलं. तिथं रंगवायचेही कष्ट त्यानं घेतले नव्हते. उजेडात नीट पाहिलं तेव्हा गडद रंगाखाली तिळाएवढ्या बारीक तपकिरी रेघा सगळीकडे विखुरलेल्या दिसल्या. ती बीचची ओळख. अक्रोडात छिद्रांच्या लांबट, गडद रेषा असतात, नखाला लागतील अशा. एकदा फरक कळला की पुन्हा चूक होत नाही, पण मला तो फार उशिरा कळला.

त्याच मॉडेलचा बीचचा स्टॉक, अक्रोडी रंग मारून. खोबणी, स्क्रूची भोकं, सगळं कारखान्यातूनच जुळणारं. म्हणून तर अदलाबदल इतकी बेमालूम झाली.

पितळाचीही गंमत ऐका. घेताना मी मोठ्या हुशारीनं लोहचुंबक लावून पाहिलं होतं. चिकटलं नाही, म्हणजे पितळ! लोहचुंबक फक्त लोखंड नाही एवढंच सांगतं. जस्तालाही ते चिकटत नाही. आता पट्टी सुटी झालीच होती म्हणून तोलली: 64 ग्रॅम. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून, काटा शून्यावर आणून, पट्टी दोऱ्यानं पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही अशी धरली. काट्यानं 9.6 ग्रॅम दाखवले, ते पट्टीनं बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन, म्हणजे पट्टीचं आकारमान 9.6 घन सेंटिमीटर. भागाकार केला तर 6.7 च्या आसपास. पितळ असतं तर आकडा साडेआठच्या जवळ हवा. ओतीव जस्ताच्या मिश्रधातूचा मात्र बरोबर इतकाच येतो. मागच्या बाजूला कानस फिरवली आणि मुलाम्याखालून राखाडी रंग वर आला. खरं पितळ हाताच्या घामानं काळवंडतं. माझी पट्टी तीन महिने नवरीसारखी चमकत होती, याचं मला कौतुक होतं.

चांगलं काम कसं होतं ते नंतर एका जुन्या जाणत्या कारागिराकडे बसून पाहिलं, आणि वाईट जास्त वाटलं. तो आधी पट्टी बटाच्या गोलाईप्रमाणे लाकडी हातोडीनं वाकवतो. मग तिच्या पाठीवर दिव्याची काजळी लावून लाकडावर दाबतो. जिथं काळं उमटेल तिथंच पटाशीनं पापुद्रा काढायचा, पुन्हा काजळी, पुन्हा दाब. असं तासन्‌तास. शेवटी कडेला केससुद्धा जात नाही, लांबीचा प्रश्नच नाही. पितळी स्क्रू कठीण लाकडात पिळताना तुटतो, म्हणून आधी बारीक भोक, मग त्याच मापाचा पोलादी स्क्रू मेण लावून फिरवून आटे पाडायचे, तो काढून पितळी बसवायचा. सगळ्या स्क्रूंच्या खाचा शेवटी एका रेषेत. हे सगळं त्यानं मला शेजारी बसवून, चहाच्या दोन फेऱ्यांत बोलत बोलत केलं. दस्ता माझ्या नजरेआड एकदाही गेला नाही. आता मी या कामाबद्दल विचारणाऱ्याला एकच सांगतो: समोर बसून करून देत असेल तर द्या. बसू देत नसेल तर निदान बटाचं पॅड काढून आतल्या उघड्या लाकडाचा, खोबणीचा आणि दोन्ही बाजूंचा फोटो काढा, नुसता दस्ता तोलून आकडा पावतीवर लिहून घ्या, आणि खोबणीत कोपऱ्यात पेन्सिलीनं तुमची खूण करा. कारागीर सचोटीचा असेल तर त्याला राग येत नाही.

पहिल्याकडे गेलो होतो, अर्थात. आवाज न चढवता बोललो. तो तितक्याच शांतपणे म्हणाला, "साहेब, तुम्ही दिलात तोच हा. अक्रोड होता म्हणता, तर फोटो दाखवा की."

फोटो होते, ढीगभर. नेम धरताना, मैदानावर, भिंतीला टेकवून. सगळे डाव्या बाजूचे, कारण गालाची उंचवट्याची बाजू डावीकडे आणि तीच देखणी. डावीकडून पाहिलं तर दोन्ही स्टॉक गडद, दोन्ही चकचकीत. उजव्या बाजूचा एकच सापडला, त्यात गाठीवर बरोबर माझा पंजा. त्यानं फोटो बारकाईनं पाहिला, फोन परत दिला आणि मजुरी परत करायची तयारी दाखवली. "तुमचं मन राखायला," म्हणाला. मी घेतली नाही. घ्यायला हवी होती का, यावर घरात अजून दोन मतं आहेत.

मामांना सांगायचा धीर झाला नाही. ते रायफल आता पाहत नाहीत, पण हातात घेतात, आणि त्यांचा अंगठा सवयीनं उजवीकडे जाईल याची मला भीती वाटते.

मागच्या महिन्यात एका मित्रानं विक्रीला निघालेल्या अक्रोडी स्टॉकचा फोटो पाठवला. माझंच मॉडेल. रेषांचा भोवरा डाव्या बाजूनंही थोडा दिसतो. विकणाऱ्याला मी नाव न सांगता निरोप धाडला, उजव्या बाजूचाही एक फोटो पाठवा.

अजून आलेला नाही.