१८ आठवड्यांचा फुल मॅरेथॉन प्लॅन: पाऊस, ऑक्टोबर हीट आणि तापातून वापरल्यावर

पहिल्या फुल मॅरेथॉनसाठी (४२.२ किमी) इंटरनेटवर फुकट मिळणारे १८ आठवड्यांचे प्लॅन साधारण एकाच साच्याचे असतात. आठवड्यातून चार दिवस धावणं, एक दिवस सायकल किंवा पोहणं, दोन दिवस विश्रांती. रविवारची लाँग रन १० किमीपासून ३२ किमीपर्यंत चढते, दर तिसऱ्या आठवड्याला मुद्दाम उतरते, शेवटचे तीन आठवडे टेपर, म्हणजे शर्यतीआधी धावणं टप्प्याटप्प्याने कमी करणं. काही महिने इमानेइतबारे वापरल्यावर सांगतो, रचना भक्कम आहे. पण ती गृहीत धरते की हवा कोरडी-थंड असेल आणि धावणारा कधी आजारी पडणार नाही.

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. तिथून १८ आठवडे मागे गेलं की सप्टेंबरचा मध्य येतो. म्हणजे सुरुवात पावसात, मग ऑक्टोबर हीट, आणि डेंग्यूचा हंगामही नेमका तेव्हाच.

पावसात सगळ्यात जास्त त्रास देतात ते ओले मोजे. सुती मोजे पाणी धरून ठेवतात, कातडी मऊ पडते आणि दहाव्या किलोमीटरला फोड येतो. पातळ सिंथेटिक मोजे घ्या. निघण्यापूर्वी पायाची बोटं, टाच, जांघ आणि काख इथे व्हॅसलीनचा जाड थर लावा. पुरुषांनी स्तनाग्रांवर मायक्रोपोर टेप लावावी, तीही व्हॅसलीनच्या आधी, कोरड्या त्वचेवर. घरी आल्यावर बुटातला इनसोल काढा, लेस सैल करून जीभ बाहेर ओढा आणि आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा. तासाभराने बोळे बदला, कारण भिजलेला कागद उलट ओल धरून ठेवतो. मग बूट पंख्याखाली ठेवा. हीटर किंवा हेअर ड्रायर नको, उष्णतेने सोलचं चिकटवण सुटतं. दमट हवेत बूट दुसऱ्या सकाळपर्यंत वाळत नाहीत, त्यामुळे दोन जोड लागतातच. हा खर्च आधीच धरा.

पेव्हर ब्लॉकवरचं शेवाळ, झेब्रा क्रॉसिंगचे रंगवलेले पट्टे आणि मॅनहोलची लोखंडी झाकणं यांवर पाऊल आखूड टाका. साचलेल्या पाण्यातून धावू नका. पायाला फोड किंवा खरचटलेलं असताना अशा पाण्यातून जावं लागलं, तर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा जिवाणूंचा आजार) धोका असतो. ताप येण्याची वाट न पाहता डॉक्टरांना विचारा, प्रतिबंधक गोळी लवकर घेतली तरच उपयोगाची. परतीचा पाऊस विजा घेऊन येतो, पण बहुधा दुपारनंतर, त्यामुळे पहाटेची रन सहसा सुटते. गडगडाट ऐकू आलाच तर छताखाली जा आणि शेवटच्या आवाजानंतर अर्धा तास थांबा.

ऑक्टोबरात प्लॅनमधले किलोमीटर मिनिटांत बदलून घ्या, सगळ्यात मोठा फरक यानेच पडतो. दमट हवेत घाम वाळत नाही, अंग निवत नाही, हृदयाचे ठोके त्याच पेसला (एका किलोमीटरला लागणारा वेळ) वर जातात. गारव्यातला इझी पेस किलोमीटरला ७ मिनिटं असेल आणि प्लॅनमध्ये १६ किमी असतील, तर ११२ मिनिटं धावून थांबा. अंतर साडेचौदा भरलं तरी शरीराने काम तेवढंच केलेलं असतं. पूर्ण वाक्य बोलता येईल इतकाच वेग ठेवा. घड्याळाचा पेस या महिन्यात बघूच नका.

पाणी किती प्यायचं ते वजनावरून काढा. रनच्या आधी आणि नंतर, घाम पुसून, कपड्यांशिवाय वजन करा. ६२ किलोचे ६०.६ झाले आणि वाटेत अर्धा लिटर प्यायलात, तर घाम साधारण १.९ लिटर गेला. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटरमध्येच कालवा. अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खं पाकीट टाकलं की द्रावण जास्त दाट होतं आणि पोट बिघडतं.

आजारपणाबद्दल या प्लॅनमध्ये जवळजवळ काहीच नसतं, आणि मला ही त्याची सगळ्यात मोठी उणीव वाटते. नुसतं नाक वाहत असेल तर अर्धा तास सावकाश धावायला हरकत नाही. ताप, अंगदुखी, छातीतला खोकला, जुलाब यांपैकी काहीही असेल तर धावणं पूर्ण बंद. विषाणूजन्य तापात जोर केला तर हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा धोका असतो. डेंग्यूची शंका असेल तर तापाला फक्त पॅरासिटामॉल. स्नायूदुखीसाठी धावणाऱ्यांच्या बॅगेत हमखास असणारी आयबुप्रोफेन रक्तस्रावाचा धोका वाढवते. डेंग्यूत ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवस जास्त जपायचे असतात, ‘आता बरं वाटतंय’ म्हणून बूट घालायचे नाहीत. परतायचं ते प्लेटलेट्स सावरल्यावर आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावर.

साध्या तापानंतर गोळीशिवाय दोन दिवस ताप नसेल तर अर्धा तास चाला, मग चालणं-धावणं आलटून पालटून. सकाळी उठल्या उठल्या नाडी नेहमीपेक्षा ८-१० ठोक्यांनी जास्त लागली, तर तो दिवस सोडा. तीन दिवस चुकले तर प्लॅन आहे तिथून पुढे चालू. आठवडा गेला तर हुकलेला आठवडा करा. दोन आठवडे गेले तर लाँग रन आधीच्या सर्वात लांब अंतराच्या ६० टक्क्यांपासून. हुकलेली रन पुढच्या आठवड्यात कोंबण्यातून पोटरी आणि नडगी दुखावते.

३२ किमीची लाँग रन डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी येते. तोवर २६ किमीही झाले नसतील तर यंदाची फुल सोडून द्या. आणि आधी हाफ मॅरेथॉन (२१ किमी) न धावलेल्याने पावसाळ्यात हा प्लॅन सुरूच करू नये, कारण सुरुवातीच्या महिन्यात आजारपणाचा एक आठवडा सामावून घेण्याइतका पाया त्याच्याकडे नसतो.