कार्बन फायबरचे बॉनेट आणि गाडीच्या आतील भाग : दोन वर्षांच्या वापरानंतर

गाडीचे बॉनेट, बाहेरच्या दोन्ही आरशांची कव्हरे, डॅशबोर्डवरची आडवी पट्टी, चारही दरवाजांच्या पट्ट्या आणि गिअरभोवतीचा कन्सोल असे भाग मी कार्बन फायबरमध्ये (कार्बनच्या बारीक तंतूंचे कापड आणि त्याला घट्ट धरणारे रेझिन यांच्या साहित्यात) करून घेतले, त्याला आता दोन वर्षे झाली. बाहेरचे भाग एका कार्यशाळेने साच्यातून नव्याने घडवले, तर आतील काम दुसऱ्या कार्यशाळेकडे दिले होते. ताब्यात घेतले त्या दिवशी दोन्हींची चमक आणि विणीची नक्षी सारखीच होती. फरक दिसला तो उन्हाळा आल्यावर, आणि म्हणूनच हे सविस्तर लिहितो आहे.

आधी बॉनेटविषयी, कारण ते मनापासून आवडले आहे. साच्यात कोरडे कापड अंथरायचे, वरून व्हॅक्यूम बॅग लावून हवा खेचून घ्यायची आणि त्याच ओढीने इपॉक्सी रेझिन (नंतर घट्ट होणारा चिकट द्रव) कापडात भिनू द्यायचे, या पद्धतीने ते तयार झाले आहे. मूळ पोलादी बॉनेट काट्यावर १७ किलो भरले होते. नवे साडेआठ किलोंचे आहे. पोलादाची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे ७.८ ग्रॅम आणि कार्बन-इपॉक्सीची दीड ग्रॅमच्या आसपास, तेव्हा वजन पाचपट कमी व्हायला हवे होते, असे मलाही वाटले होते. परंतु विणलेल्या कापडाच्या थरांना पोलादाइतका ताठपणा येण्यासाठी जाडी वाढवावी लागते, शिवाय आतली चौकट आणि बिजागऱ्यांजवळचे धातूचे तुकडे यांचे वजन असतेच. त्यामुळे निम्म्यावर आलेले वजन हा प्रामाणिक आकडा आहे, आणि याहून फारच हलके बॉनेट कोणी देऊ केले तर त्याच्या कडा हाताने दाबून, ते पिळले जाते का हे अवश्य पाहावे. रोजच्या चालवण्यात हे साडेआठ किलो जाणवतात असे मात्र मी म्हणणार नाही.

एक अडचण पहिल्याच आठवड्यात आली. गाडीचे गॅस स्ट्रट, म्हणजे बॉनेट वर उचलून धरणारे वायूच्या दाबाचे दांडे, मूळच्या जड बॉनेटच्या हिशेबाने बसवलेले होते, त्यामुळे खटका ओढताच हलके बॉनेट जोरात उसळून वर जाई आणि बिजागरीच्या जागेवर सगळा ताण येई. कारागिराने स्वतःहून कमी दाबाचे स्ट्रट बसवून दिले आणि बिजागरीखाली काचतंतूच्या कापडाचा एक थर असल्याचेही दाखवले. हा थर फार महत्त्वाचा आहे. कार्बन वीजवाहक असल्यामुळे त्याला थेट टेकलेले ॲल्युमिनियम किंवा साधे पोलाद ओलावा मिळताच झपाट्याने गंजू लागते, आणि मधला काचतंतू हा संपर्क तोडतो. दोन पावसाळ्यांनंतर बोल्ट काढून पाहिले, तर ॲल्युमिनियमच्या पट्टीवर पांढऱ्या भुकटीचा मागमूसही नव्हता.

आता आतील भाग. येथे माझी निराशा झाली, आणि तिचे मूळ कामाच्या पद्धतीतच आहे. त्या कार्यशाळेने नवे भाग घडवलेच नाहीत. मूळ प्लास्टिक घासून त्यावर कार्बन कापडाचा एकच थर चिकटवला, ब्रशने रेझिन लावले आणि वर क्लिअर कोट (पारदर्शक लेप) मारला. या प्रकाराला स्किनिंग म्हणतात आणि नक्षीपुरते ते करण्यात गैर काही नाही, पण यात वजन घटत नाही, उलट थोडे वाढते, आणि हे ग्राहकाला आधी सांगायला हवे. मला ते सांगितले गेले नाही.

पहिल्या उन्हाळ्यात कन्सोलवर बोट फिरवले तर विणीचा खडबडीतपणा नखाला लागू लागला, आणि डॅशबोर्डच्या पट्टीवर मोहरीएवढे तीन फुगे आले. खोलीच्या तापमानाला घट्ट झालेले इपॉक्सी बहुधा ६० ते ८० अंश सेल्सिअसच्या दरम्यान मऊ पडू लागते, आणि उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीचा डॅशबोर्ड तेवढा सहज तापतो. ब्रशकामात विणीच्या छेदांपाशी अडकलेली हवा मग प्रसरण पावते. रेझिनला शोभेल इतक्या तापमानाला भाग टप्प्याटप्प्याने भट्टीत पक्का केला असता, तर हे टळले असते. “उन्हाने असे होतेच,” हे त्या कार्यशाळेचे उत्तर मला मान्य नाही.

विणीच्या दिशेचीही हेळसांड झाली आहे. दोन-बाय-दोन ट्विल (दोन धाग्यांवरून आणि दोन धाग्यांखालून विणलेल्या) कापडावर तिरप्या रेघा उठतात; चालकाच्या दरवाजावर त्या पुढच्या बाजूला चढत असतील, तर पलीकडच्या बाजूच्या दरवाजावरही त्या पुढेच चढायला हव्यात, आणि त्यासाठी एका बाजूचे कापड उलटे अंथरावे लागते. माझ्या गाडीत एका बाजूला रेघा चढतात आणि दुसऱ्या बाजूला उतरतात. एकदा हे लक्षात आले की दर वेळी नजर तिथेच जाते. बॉनेटवर मात्र मध्यरेषेच्या दोन्ही अंगांना रेघा माशाच्या काट्यासारख्या मिळवलेल्या आहेत, आणि सकाळच्या तिरप्या उन्हात ते पाहताना फार समाधान वाटते.

सुरक्षिततेची एक गोष्ट ठासून सांगतो. आतील काम करणाऱ्या त्याच कार्यशाळेने शेजारच्या आसनासमोरील एअरबॅगच्या झाकणावरही कापड चढवून देण्याची तयारी दाखवली होती, ती मी नाकारली. ते झाकण ठरलेल्या रेषेवर फाटावे म्हणून तिथे मुद्दाम पातळ ठेवलेले असते. त्यावर कडक थर बसला तर एअरबॅग उघडण्यात अडथळा येऊ शकतो आणि धारदार तुकडे प्रवाशाच्या अंगावर उडू शकतात.

१९८१ मध्ये मॅक्लॅरेनने एमपी४/१ या फॉर्म्युला वन गाडीचा सांगाडा कार्बन फायबरचा केला तो ताकद आणि वजन यांसाठी. आपल्या कन्सोलकडून ती अपेक्षा नाही, पण निदान तो उन्हात टिकावा. म्हणून कन्सोल आणि डॅशबोर्डची पट्टी मी आता बॉनेट करणाऱ्या कारागिराकडेच पुन्हा करायला दिली आहे. यावेळी रेझिन आधीच भिनवलेले, फ्रीझरमध्ये साठवावे लागणारे प्रीप्रेग कापड वापरून ते ऑटोक्लेव्ह नावाच्या बंद भट्टीत उष्णता आणि दाबाखाली १२० अंशांना पक्के होणार आहेत. बॉनेटवरचा अतिनील किरणांपासून रक्षण करणारा क्लिअर कोट अजून पिवळा पडलेला नाही. आरशांच्या कव्हरांवर खडीचे चार-पाच टवके उडाले आहेत, तेवढे त्याच फेरीत भरून घेईन.