वीस महिने नगरपालिकेच्या नळावर

पहिल्याच आठवड्यात मी नळाखाली पंधरा लिटरची बादली ठेवून घड्याळ लावलं. भरायला सत्तर सेकंद लागले. पाणी एक दिवसाआड, पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी, पाऊण तास. हिशोब केला तर घरातल्या पाच माणसांना दिवसाला माणशी अठ्ठावन्न लिटर. भुयारी गटार असलेल्या शहरात माणशी १३५ लिटर आणि नसलेल्या ठिकाणी ७० लिटर पाणी धरून योजना आखतात. आमच्याकडे भुयारी गटार नाही, म्हणजे ७० हा आकडा. तिथून आम्ही फार लांब नव्हतो. पुढच्या एप्रिलमध्ये मात्र तीच बादली भरायला एकशे दहा सेकंद लागले आणि आकडा सदतीसवर आला.

पहिलं माप २०२४ च्या जूनमधलं. पुण्यातलं भाड्याचं घर सोडून आम्ही सासरच्या गावी राहायला आलो. मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवते. गाव क वर्ग नगरपरिषदेचं, वस्ती चाळीस हजारांच्या आत. नदीवर जॅकवेल, म्हणजे नदीचं पाणी पंपाने उपसायची विहीर, टेकाडावर जलशुद्धीकरण केंद्र, गावात दोन उंच टाक्या आणि जुन्या पेठेत उघडी गटारं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे ती माणसं मला रोज भेटतात आणि त्यातली बरीच जीव तोडून काम करतात. वीस महिन्यांनंतर पाणी, गटार आणि रस्ता या तिन्हींबद्दल माझं मत बनलं आहे, ते मांडते.

आधी जे नीट चालतं ते. घंटागाडी साडेसातला येते, चुकत नाही. दिव्याच्या खांबाचा नंबर कळवला की तीन दिवसांत दिवा लागतो. घरपट्टी, पाणीपट्टी ऑनलाइन भरता येते. नवी नळजोडणी घेताना मला भीती होती, पण राज्याच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात ती अधिसूचित सेवा आहे. अर्जाची पोच मिळाली, मुदत कळली आणि मुदतीत फेरुल, म्हणजे मुख्य लाइनवरून घराला पाणी घेणारा जोड, बसलं. कोणाकडे मुदत उलटली तर दोन अपिलं करता येतात आणि विनाकारण उशीर करणाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो, हे कार्यालयातल्या लिपिकांनी आपणहून सांगितलं. एवढं सरळ बोलणारा माणूस खिडकीत बसलेला असला की अर्धं काम तिथेच होतं.

पाण्याला मी वर्षातले नऊ महिने दहापैकी सात गुण देईन. वेळ पाळली जाते. सलग चार-पाच दिवस पाणी आलं नाही असं दोनदाच झालं, दोन्ही वेळा जॅकवेलवरचा पंप बिघडला होता आणि दोन्ही वेळा लाउडस्पीकर लावलेली रिक्षा आदल्या संध्याकाळी गल्लीत फिरून सांगून गेली. अडचण आहे ती पाणी एक दिवसाआड येण्याची, आणि ती नुसत्या साठवणीपुरती नाही.

मुलांना शाळेत समजावते तसं सांगते. पाणी बंद केलं की नळीतला दाब जातो. ती रिकामी होताना उलट ओढ तयार होते आणि जिथे सांधा सुटलेला असेल, लोखंड गंजलेलं असेल, तिथून बाहेरचं जे असेल ते आत शिरतं. जुन्या पेठेत घराघरांत जाणारे जोडणीचे पाइप सरळ गटारातून गेलेले आहेत. खणायला सोपं म्हणून चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी ते तसे टाकले. त्यात कोणी थेट नळाला मोटर लावून पाणी ओढलं की शेजारच्याचा दाब आणखी पडतो. म्हणून आमच्याकडे पहिली पाच मिनिटं पाणी सोडून द्यायची पद्धत आहे. सासूबाई ते झाडांना घालतात.

२०२५ च्या जुलैत हेच घडलं. गल्लीत एका आठवड्यात सात घरांत जुलाब-उलट्या. शाळेच्या प्रयोगशाळेत ओटी द्रावण होतं. नळाच्या पाण्यात त्याचे थेंब टाकले की क्लोरिन असेल तर पिवळा रंग येतो. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकानुसार, म्हणजे आयएस १०५०० नुसार, नळापर्यंत पोचलेल्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरिन उरायला हवा. आमच्या नळाच्या पाण्याला रंगच आला नाही. दोन गल्ल्या पलीकडे, टाकीच्या जवळ, पिवळं आलं. याचा अर्थ टाकीत टीसीएल, म्हणजे क्लोरिनची पावडर, पडत होती आणि वाटेत कुठेतरी घाण आत येऊन क्लोरिन संपत होता.

मी सकाळी नऊला फोटो आणि अर्ज घेऊन पाणीपुरवठा विभागात गेले. अकराला माणसं आली, दुपारी टँकर आला, आरोग्य सेविका घरोघर क्लोरिनच्या गोळ्या देऊन गेल्या. या तत्परतेला मी पूर्ण गुण देते. पुण्यात सोसायटीच्या सेक्रेटरींना तीन दिवस शोधावं लागे.

मग सुरू झाला लाइन शोधायचा भाग. मार्चमध्ये आमच्या गल्लीत काँक्रीटचा नवा रस्ता झाला होता. तो करताना व्हॉल्व्हची चेंबरं खाली गाडली गेली. पाइप कुठून जातो याचा नकाशा कार्यालयात नव्हता. अभियंता साहेब नवे, पाच महिन्यांपूर्वी बदलून आलेले, शेजारच्या नगरपंचायतीचाही भार त्यांच्याकडेच. ब्रेकर लावून चार ठिकाणी रस्ता फोडला. चारही ठिकाणी नुसता मुरूम. सहा दिवस गेले.

सातव्या दिवशी आमचे व्हॉल्व्हमन रजेवरून परत आले. त्यांना सगळं गाव चावीवाले मामा म्हणतं. मुलीच्या बाळंतपणाला गेले होते. आले ते पिंपळाच्या पारापाशी थांबले, पारापासून पावलं मोजत चालले आणि टाचेने खूण केली. म्हणाले, "बाई, इथं आधी हौद होता. त्याची लाइन बंद केली पण तोंड तोडलं नाही. ती आत गटाराला लागलीय." तिथे खणलं. अडीच फुटांवर तीन इंची जुना पाइप, टोकाला लाकडी गुटका ठोकलेला आणि तो कुजून गेलेला. वीस मिनिटांत सापडला.

त्या दिवशी मला आनंद झाला आणि त्याहून जास्त धास्ती वाटली. अख्ख्या पेठेच्या पाण्याचा नकाशा एका माणसाच्या पावलांत आहे आणि ते ३१ मे २०२६ ला निवृत्त होणार आहेत.

रस्त्याचं काय करायचं हा प्रश्न मला त्यामुळे वेगळा दिसायला लागला. नुसता रस्ता म्हणून पाहिला तर तो चांगला आहे. काँक्रीट भक्कम, कडा सरळ. पण रस्ता म्हणजे वरचं झाकण, खाली पाणी आणि बाजूने सांडपाणी. पाणीपुरवठा, आरोग्य आणि बांधकाम ही तीन खाती एकाच इमारतीत एकाच मजल्यावर बसतात. रस्त्याचा कार्यारंभ आदेश निघाला तेव्हा पाणी विभागाला कोणी विचारलं नाही, "खाली काही बदलायचं आहे का?" गंजके पाइप तसेच ठेवून वर सहा इंच काँक्रीट ओतलं. फोडलेले चार खड्डे पुढे चार महिने खडी टाकून तसेच होते. रस्त्याच्या ठेकेदाराकडे दोषदायित्व कालावधी असतो, त्या मुदतीत रस्ता खराब झाला तर त्याने दुरुस्त करायचा. पण इथे फोडला नगरपालिकेने, म्हणून तो हात वर करू शकला. नियमाप्रमाणे त्याचं बरोबरच होतं.

गटाराला मी दहापैकी तीन देते, आणि तेही सफाई कामगारांच्या कष्टांना. जुना रस्ता न खरवडता वर थर चढवत गेल्याने आमच्या गल्लीत घरांचे उंबरे रस्त्याच्या खाली गेले आहेत. नव्या रस्त्याबरोबर गटारही नवीन बांधलं, पण पहिल्या पावसात पाणी उलट वाहायला लागलं. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हलची नळी घेऊन नववीच्या मुलांबरोबर मी एका रविवारी साठ मीटर गटार मोजलं. खालचं टोक वरच्या टोकापेक्षा चार सेंटिमीटर उंच होतं. पाणी कुठे जाणार? आधी मी दोनदा "गटार तुंबते" असा अर्ज दिला होता, दोन्ही वेळा मुकादम येऊन गाळ काढून गेले. तिसऱ्या अर्जाला दर पाच मीटरवरचं माप जोडलं. मुख्याधिकारी मॅडमनी स्वतः येऊन नळी धरून पाहिली आणि ठेकेदाराकडून बावीस मीटरचा भाग फोडून पुन्हा बांधून घेतला. आता तिथे पाणी साचत नाही. मुलांना वाटलेला अभिमान शब्दांत सांगता येत नाही. त्यातली दोघं आता सर्व्हेअर व्हायचं म्हणतात.

अर्जाबद्दल एवढंच सांगते की फोनवर केलेली तक्रार हवेत जाते. अर्ज दोन प्रतींत न्या, आवक विभागाचा शिक्का आणि क्रमांक आपल्या प्रतीवर घ्या, जागा पावलांत किंवा मीटरमध्ये लिहा. "काळेंच्या घरासमोर" असं लिहिलं तर नव्या माणसाला कळत नाही. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मी रस्त्याच्या कामाचं अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तकाची, म्हणजे झालेल्या कामाच्या नोंदवहीची, पानं दोन रुपये पानाने मागवली. त्यात जलवाहिनी हलवण्याची बाबच नव्हती, हे तिथे कळलं. ते वाचून रागावण्यापेक्षा मला पुढच्या गल्लीची काळजी वाटली, कारण तिचं अंदाजपत्रक तेव्हा तयार होत होतं.

सेप्टिक टँकचा विषय गावात कोणी काढत नाही, म्हणून मुद्दाम काढते. आमचा टँक अकरा वर्षं उपसला नव्हता. खरं तर दर दोन-तीन वर्षांनी उपसायला हवा, नाहीतर गाळ वर येतो आणि मैला जसाच्या तसा गटारात जातो. नगरपालिकेची मैला उपसा गाडी बोलावली, तिसऱ्या दिवशी आली. दोन कामगार होते, हातमोजे नव्हते. मी त्यांना घरातले रबरी मोजे दिले आणि अर्जात ते लिहिलं. २०१३ च्या कायद्याने माणसाला संरक्षणाशिवाय गटारात किंवा टँकमध्ये उतरवणं गुन्हा आहे. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूसाठी भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली. इतके मृत्यू अजून होतात म्हणूनच न्यायालयाला हे बोलावं लागलं, हे लक्षात घ्या. आमच्या इथे कोणी आत उतरलं नाही, पाइपनेच उपसलं. पुढच्या खेपेला त्याच दोघांकडे मोजे आणि बूट होते.

गाडी भरल्यावर ती कुठे रिकामी होते हे मी विचारलं. ओढ्याच्या वरच्या अंगाला. ओढा नदीला मिळतो आणि नदीवर आमचीच जॅकवेल आहे, चार किलोमीटर खाली. हे लिहिताना हात थांबतो. याला उपाय नाही असं मात्र नाही. साताऱ्यातल्या वाईत आणि नाशिकजवळच्या सिन्नरमध्ये प्रत्येक घराचा टँक तीन वर्षांतून एकदा, तक्रारीची वाट न पाहता, ठरलेल्या क्रमाने उपसतात आणि मैल्यावर वेगळ्या केंद्रात प्रक्रिया करतात. तीही छोटीच गावं. पाण्याच्या बाबतीत कऱ्हाडजवळच्या मलकापूरने मीटर बसवून चोवीस तास पाणी दिलं. पाणी चोवीस तास राहिलं की नळीत दाब कायम राहतो आणि घाण आत शिरायला वाव मिळत नाही. आम्ही वर्षाला १,८०० रुपये ठोक भरतो. मीटर बसवून, दरमहा थोडं जास्त देऊन असं पाणी मिळणार असेल तर मी उद्या द्यायला तयार आहे, आणि गल्लीत विचारलं तेव्हा दहापैकी आठ घरं तयार होती.

२०२२ पासून आमच्या प्रभागाला नगरसेवक नव्हता, सगळा कारभार प्रशासकाकडे. अधिकारी चांगले मिळाले, पण कोणत्या गल्लीचा रस्ता आधी आणि त्याच्या खालचं काय, हे सगळ्यांसमोर विचारायची जागा बंद होती. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणूक झाली. जानेवारीच्या सभेसाठी आम्ही बत्तीस घरांच्या सह्यांचं निवेदन दिलं: पुढच्या कोणत्याही रस्त्याच्या कामाआधी पाणी आणि आरोग्य विभागाची लेखी सहमती घ्यावी, गटारातून गेलेले पाइप आधी बाहेर काढावेत, व्हॉल्व्हची चेंबरं रस्त्याच्या पातळीला आणावीत. विषय पत्रिकेवर आला आणि पहिल्या मागणीचा ठराव झाला. पुढच्या गल्लीचं अंदाजपत्रक परत मागवून त्यात नव्या पाइपची बाब घातली आहे. ते काम अजून सुरू झालेलं नाही, त्यामुळे त्याचे गुण आज देत नाही.

मामांनी स्वतःहून सकाळची वेळ दिली आहे. दर रविवारी सहाला पिंपळाच्या पारापाशी मी, नववीची पाच मुलं आणि पाणी विभागातला एक तरुण कंत्राटी फिटर जमतो. मामा पुढे चालतात, मुलं टेपने मोजतात, फिटर वहीत काढतो: पारापासून किती मीटर, किती इंची, चावी कितव्या आट्याला बंद होते. आमच्या प्रभागात आजवर सतरा व्हॉल्व्ह सापडले, त्यातले चार काँक्रीटखाली. एक प्रत अभियंता साहेबांनी कार्यालयाच्या भिंतीवर लावली आहे. मामा म्हणतात नदीवेशीकडच्या दोन गल्ल्या सगळ्यांत अवघड, तिथे दोन काळांच्या लाइनी एकावर एक आहेत. त्या येत्या रविवारी.